भैरवच्या शिंक्यावरची हंडी

श्री श्री दुर्गा सहाय
शिमुलडांगा, १० वैशाख

सांगाती भैरव,

हे पत्र घेऊन जी बाई तुझ्या दारात उभी आहे ती तुझी मातंगिनी वहिनीच आहे, भूत नव्हे. धुळीने माखली असेल, नीट बघून ओळख. कडेवर लेकरू घ्यावं तशी तिने एक मातीची हंडी घेतली असेल. आधी हंडी उतरवून घे, मग वहिनीला पाणी विचार. ती रागावणार नाही. तिनेच मला तसं लिहायला बजावलं आहे.

बर्गी आले म्हणतात, दक्षिणेकडचे लुटारू घोडेस्वार. मी अजून एकही पाहिला नाही, पण तीन दिवस पश्चिमेकडून माणसांची रीघ लागली आहे. काल एक कुंभार डोक्यावर चाक घेऊन जाताना पाहिला. म्हटलं, बाबा, चाक कशाला? तर म्हणाला, माती कुठेही मिळेल. त्याचंच ऐकून मी हंडी पाठवतो आहे. तुती कुठेही लावता येईल, बीज मिळणार नाही.

हंडीत आमच्या गावच्या चौदा घरांचं बीज आहे. मोठ्या किड्याची अंडी. तू नावाडी माणूस, तुला रेशीम म्हणजे लुगड्याचा काठ तेवढा ठाऊक, म्हणून सांगतो. छोटा किडा वर्षभर येतो-जातो, पण उंची रेशीम मोठ्याचं, आणि तो वर्षातून एकदाच जागा होतो, माघातल्या श्रीपंचमीला. तोवर दहा महिने हंडीत झोप. ती झोप मोडली की चौदा घरं भिकेला लागली समज.

तेव्हा हंडी तुझ्या घराच्या उत्तरेकडच्या आढ्याला शिंक्यात टांगून ठेव. ऊन नको, धूर नको, मुंगी नको. आणि आता बस खाली, म्हणजे पुढचं वाचून पडणार नाहीस. त्या घरात हळद कुटायची नाही, मोहरीची फोडणी द्यायची नाही, आणि मासा शिजवायचा नाही. मासा आतही आणायचा नाही. या जातीला वास सोसत नाही.

मी मागोमाग येतो. छोटे किडे बांबूच्या पाट्यांवर चौथ्या झोपेत आहेत, कात टाकताहेत. झोपेतल्या किड्याला हलवलं की तो मेलाच. परवा उठतील, सहा-सात दिवस खातील, कोश विणतील, की दहा दिवसांत मी निघालोच. घोडेस्वारांचं काय, वावटळ ती. आली तशी जाईल.

तुझा,
निधिराम



काशचर, २७ वैशाख

निधी,

दहा दिवसांत येतो म्हणालास, सतरा झाले. तुझी दहा दिवसांची गणती तुझ्या आजोबांनी शिकवली की किड्यांनी?

वहिनी पोचल्या. हंडी पोचली. तुझं पत्र मी सुखदाला वाचून दाखवलं आणि तिने हातातली पळी खाली ठेवली. म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. म्हणाली, "सवाष्णीने मासा सोडायचा? नवरा समोर धडधाकट बसलेला असताना? मासा सोडते ती विधवा. तुमच्या सांगात्याला म्हणावं, बीज पाठवलंस ते पाठवलंस, माझ्या कपाळावर का उठलास?"

खरंच आहे रे तिचं. आणि माझं? माझ्या घराच्या कुडाला मासा, पाटाला मासा, मला वाटतं माझ्या सावलीलाही माशाचा वास येत असेल. तू वाघाच्या घरी वासरू बांधायला पाठवलंस.

पण तोड निघाली. घर चार दिवस गंगेच्या पाण्याने धुतलं, शेणाने दोनदा सारवलं. चूल होडीत मांडली. होडी घाटाच्या खाली, वाऱ्याच्या उलट्या अंगाला बांधलेली. सुखदा तिथे मासा शिजवते, आम्ही तिथेच जेवतो, घाटावर घागरीने आंघोळ करतो, लुगडं-धोतर बदलतो आणि मग घरात पाऊल टाकतो. पन्नास वर्षांचा झालो, पण जेवणाची आंघोळ आता शिकलो.

वहिनी मात्र होडीवर यायला तयार नाहीत. म्हणतात, "ज्या हातांनी हंडी राखायची त्यांना मासा लावणार नाही." सुखदा म्हणते, "अहो बाई, निदान एक काटा तरी चाटा, शकून म्हणून." ऐकत नाहीत. भात, मीठ आणि उकडलेला भोपळा, एवढ्यावर आहेत.

रोज सकाळी घाटावरच्या टेकाडावर जाऊन त्या पश्चिमेकडे बघत उभ्या राहतात. पलीकडे धूर दिसतो. मी सांगतो, कुणी गवत पेटवलं असेल. रोज उठून एवढं गवत कोण पेटवतो, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही.

होड्या रोज भरून येतात. बसवतो. कुणाकडून काही घेत नाही, घेववत नाही. हे पत्र राई वैष्णवीबरोबर पाठवतो आहे. तिच्या हातात एकतारी आणि गळ्यात तुळस, तिला दोन्ही तीरांवर कुणी अडवत नाही. तिच्याच हाती उत्तर दे. उत्तराऐवजी स्वतः आलास तर आणखी बरं.

भैरव



शालवन, १२ आषाढ

भैरव,

मी ठीक आहे. सात-आठ जण रानात राहतो. गाव बरंचसं जळालं. तुती घोड्यांनी खाल्ली. छोटे किडे उठले होते, पण पान नव्हतं.

बोरू धड नाही, शाई कोळशाची. म्हणून अक्षर असं.

आता नदी फुगली आहे. येणं जमणार नाही. तुतीची खोडं जमिनीत आहेत, ती राखायला कुणीतरी हवं.

हंडीचं कळव. शिंक्याला मुंग्या लागल्या नाहीत ना?

निधी



काशचर, ५ श्रावण

निधी,

तुझं पत्र म्हणजे ओल्या वाळूवरून खेकडा फिरून गेल्यासारखं होतं. "ठीक आहे" एवढं वाचायला मला अर्धा दिवस लागला. अरे, याच हाताने तू मला नदीतल्या चरावरच्या वाळूत काठीने अक्षरं शिकवलीस ना? तू पाठशाळेच्या कुडाबाहेर बसून चोरून शिकायचास आणि संध्याकाळी मला विकायचास. बोरू मोडका होता तर काडीने लिहायचंस. की रानात राहून माकडांकडून लिहून घेतोस?

असो. जिवंत आहेस हे कळलं. गावाचं वाक्य दोनदा वाचलं.

हंडी छान आहे. मुंग्या आल्या होत्या. मी शिंक्याच्या दोरीला पाण्याची वाटी अडकवली, त्यात त्या बुडून मेल्या. इथे आता माझी मजा बघ. घाटावरचे लोक म्हणतात, भैरव बोष्टम झाला, म्हणजे माळकरी वैष्णव. हारान कोळी परवा चारचौघांत म्हणाला, "काय भैरवदा, तुळशीची माळ कधी घालताय? घरातून माशाचा वास येत नाही म्हणून मांजरंसुद्धा तुमचं घर सोडून माझ्याकडे आली." मी म्हटलं, "येऊ देत, तुझ्या बायकोच्या स्वयंपाकाला कुणीतरी खाणारं मिळालं." हसले सगळे. पण मला होडीत जेवून जेवून पाठीचं दुखणं लागलंय, हे तुला सांगून ठेवतो.

आता खरं सांगतो. वहिनींना तुझं पत्र दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण तीस वर्षं तुझं लिहिणं त्या बघत आल्या आहेत. कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हा त्यांचा हात नाही, भावजी."

मी म्हटलं, बोरू वाईट होता. त्या उठून आत गेल्या. तेव्हापासून टेकाडावर जात नाहीत.

एकदा धड बोरूने चार ओळी लिही. वहिनींसाठी लिही.

भैरव



शालवन, २० भाद्रपद

भैरव,

तिला सांग मीच आहे. उगाच खुसपट काढू नये म्हणावं. इथे बोरू, शाई, कागद कशाचाच पत्ता नाही. मी मजेत. तुतीच्या खोडांना गवताने झाकलं आहे.

निधी



काशचर, ६ कार्तिक

जो कोणी हे वाचत असेल त्याला,

मी भैरव पाटनी, काशचरच्या घाटाचा नावाडी. आजवर मी ज्याला पत्रं लिहिली तो माझा सांगाती निधिराम. त्याने मला उभ्या जन्मात चार ओळींचं पत्र लिहिलं नाही. त्याला एक म्हण सुचली की दुसरी आठवते आणि तिसरी सांगितल्याशिवाय तो थांबत नाही. हंडीची विचारपूस करताना त्याने माझी खोडी काढली नाही असं कधी झालं नाही. आणि "मी मजेत" हे शब्द निधीने अंगात ताप असतानाही कधी वापरले नाहीत, कारण रडगाणं गायला त्याला आवडतं.

तेव्हा तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही. त्याचा पुतण्या असशील, शेजारी असशील. म्हातारीला धक्का बसू नये म्हणून चांगल्या मनाने लिहीत असशील. पण ऐक इथे काय झालंय ते.

बाई मासा खात नाही हे गावाने पाहिलं होतं. हंडीसाठी खात नाही हे आम्ही सांगितलं. पण लोकांचं तोंड म्हणजे काही माझी होडी नाही, खुंटाला बांधायला. दुर्गापूजेच्या दशमीला सगळ्या सवाष्णी एकमेकींच्या भांगात शेंदूर भरतात. या वर्षी घाटावरच्या बायका एकीकडून दुसरीकडे गेल्या आणि वहिनींच्या पुढ्यातून ताट तसंच पुढे नेलं. सुखदा धावत गेली, स्वतःच्या हाताने तिने शेंदूर लावला. वहिनींनी लावून घेतला. पण घरी येऊन पदराने पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "भावजी, तुमचा जीव मोठा आहे म्हणून तुम्ही कुणाकडून तरी लिहून आणता. मला कळतं. आता मी हंडीसाठी मासा सोडलेला नाही. खराच सोडला आहे."

हातातल्या शंखाच्या बांगड्या अजून आहेत. मी पाया पडलो म्हणून आहेत. म्हणतात, अमावास्येपर्यंत थांबते, मार्गशीर्षातल्या. मग बांगड्या फोडून हंडी घेऊन नदीवर जाणार आहेत. "ज्याच्या हाताने उघडायची तो नाही. मग गंगेच्याच हाती देते." चौदा घरांचं बीज आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "घरं कुठे राहिली?"

तेव्हा ज्याने कुणी हे लिहिलं त्याला माझं सांगणं, निधी मेला असेल तर तसं लिही. आम्ही रडू, श्राद्ध करू, पण बाईला अधांतरी टांगू नकोस. आणि चुकून तू निधीच असशील, तर चरावरच्या वाळूत आपण एकमेकांचे सांगाती झालो त्या दिवशी मी तुला जे सांगितलं ते लिही. ते तिसऱ्या माणसाला ठाऊक नाही. बायकोलाही नाही.

भैरव पाटनी



शालवन, २९ कार्तिक

भैरव,

तुला पोहता येत नाही.

तू त्या दिवशी रडत रडत सांगितलंस. बाप नावाडी, आजा नावाडी, आणि गुडघ्यावर पाणी आलं की तुझे पाय कापतात. मी म्हटलं, मग तू होडीतून खाली पडूच नकोस म्हणजे झालं. चाळीस वर्षं पडला नाहीस.

आता माझं ऐक. हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागले आहेत, डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची चार बोटं नाहीत. अंगठा आहे.

तुमच्याकडे हंडी पाठवली त्याला तीन दिवस झाले होते. किडे उठले होते. चौथ्या झोपेतून उठलेला किडा कसा खातो तू पाहिलं नाहीस. हजारो तोंडं एकदम. छपरावर सर आल्यासारखा आवाज होतो. मी पानं कापून घालत होतो. अंगणात घोडे आले तेव्हा मला कळलंसुद्धा नाही, त्या आवाजात.

तिघं होते. घोडे त्यांनी तुतीत सोडले. दोघं जोड्यांसकट आत आले. त्यांची बोली मला कळली नाही, फक्त रुपया हा शब्द कळला. होतं नव्हतं ते काढून दिलं, पितळी लोटासुद्धा दिला. त्यांना वाटलं, एवढ्या पाट्या मांडल्या आहेत तर खाली काहीतरी पुरलं असणार. पाट्या उलटायला लागले.

मी एक पाटी धरून ठेवली. धरायची नव्हती रे. हंडी दिली होती, बायको पाठवली होती, एका पाटीचं काय एवढं? पण चार दिवसांची झोप संपवून ती बिचारी नुकती जेवायला बसली होती. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये म्हणतात. मी पाटीची कड सोडली नाही, आणि त्यांच्यातल्या एकाने तलवारीने सोडवली.

तिसरा दारातच उभा होता. वयाने आपल्याएवढा, दाढी पिकलेली. आत येण्याआधी त्याने कान टवकारले होते, आणि मग वळचणीबाहेर हात काढून तळवा वर धरला होता. आभाळाकडे बघून म्हणाला, "पाऊस?" मला शब्द कळला नव्हता. पुढे रानात पुरीच्या वाटेने दक्षिणेकडे जाऊन आलेला एक बैरागी भेटला, त्याला विचारला. तो म्हणाला, त्यांच्याकडे सरीला असं म्हणतात. कोरड्या मुलखातली माणसं. वैशाखात त्या आवाजाने त्याला काय वाटलं असेल, तोच जाणे.

माझी बोटं तुटल्यावर या पिकल्या दाढीवाल्याने तलवारवाल्याला ढकललं. आपल्या मुंडाशाची पट्टी फाडली, माझ्या हाताला करकचून बांधली, माझ्याकडे न बघता. ती बांधली नसती तर मी त्याच दुपारी संपलो असतो. मग तिघंही गेले आणि जाता जाता शेजारच्या हारूचं घर पेटवलं. तो चांगला होता असं मी म्हणत नाही. त्याचाही घोडा माझ्याच तुतीत चरत होता. पण पट्टी त्याची आहे, तीही मला टाकवत नाही. काय करावं तिचं, कळत नाही.

लपवलं का ते विचारशील. आमच्यात हंडी अंगहीन माणसाने उघडायची नाही. माझ्या आजोबांपासून ती आमच्या घराने उघडली. चौदा घरं वाट बघत उभी राहायची आणि मी गाठ सोडायचो. केसासारखे बारीक किडे पिसाने पानावर उतरवायला गावात माझ्यासारखी बोटं नव्हती. मातंगिनीच्या बापाने माझी बोटं बघूनच मुलगी दिली होती. म्हणाला होता, जमीन नाही, पण हात आहे. आता मी तिला काय नेऊन दाखवू? वाटलं, श्रीपंचमी होईपर्यंत तिने हंडी राखावी, मग कुणी धडधाकट माणूस शोधू, आणि मग सांगू. तिने वेगळंच ओळखलं. तिच्या लेखी माझ्या अक्षरात मी मेलो, आणि इथे मी जिवंत, असं कोडं झालं.

ही शेवटची ओळ तिच्यासाठी. वाचून दाखव. बांगड्या फोडू नकोस. मी आहे, थोडा कमी आहे.

निधी



काशचर, ३ पौष

अरे गाढवा,

पोहता येत नाही हे पत्रात लिहायचं होतं? ते पत्र राई वैष्णवीने आणलं, आणि ती पत्र पोचवण्याआधी वाचते हे मला ठाऊक नव्हतं. आता काशचरच्या घाटावर होडीत बसणारा प्रत्येक जण मला विचारतो, "दादा, बुडालो तर आम्ही तुम्हाला काढायचं ना?" हारान कोळ्याने मला दुधीभोपळा आणून दिला, पोटाला बांधायला. सुखदा म्हणाली, "चोवीस वर्षं तुमच्या जिवावर मी नदी ओलांडतेय, आणि हे आज कळतंय!" मी तोंड लपवायला जागा शोधतोय. पण तुझ्या त्या एका ओळीने मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या लग्नातही झाला नव्हता.

वहिनींना पत्र वाचून दाखवलं. सगळं. थांबत थांबत, कारण मलाच वाचवेना. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. संपल्यावर पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "सात महिने! सात महिने या माणसाने मला विधवा ठेवलं, चार बोटांपायी!" मग रडल्या. मग परत म्हणाल्या, "लिहा, भावजी. लिहा की मी बोटांशी लग्न केलं नव्हतं. बापाने केलं असेल."

मी म्हटलं, हंडीचं काय? अंगहीनाने उघडायची नाही ना? तर त्या उठल्या, पदर खोचला. निधी, तुझी बायको अशी बोलते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, "पुरीच्या जगन्नाथाला बोटं आहेत का? हात तरी धड आहेत का? सगळं जग चालवतो तो. कुणी म्हणतं का त्याला अंगहीन, देवळातून बाहेर काढा म्हणून? ज्याला माझ्या नवऱ्याने हंडी उघडणं खपणार नाही, त्याने आधी पुरीला जाऊन जगन्नाथाला बोटं बसवून यावं. मग माझ्याशी बोलावं."

आणि सुखदाला म्हणाल्या, "होडी कुठे बांधली आहे?"

मोठ्या कोई माशाचं कालवण होतं. दोघी होडीत बसून जेवल्या. मी काठावर उभा होतो, पाठमोरा. सुखदा नंतर सांगत होती, वहिनींनी तीन मासे खाल्ले, काटेसुद्धा चोखून काढले, आणि खाता खाता डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग थंड पाण्यात बुडी मारली आणि येऊन हंडीखाली बसल्या. घाटावरच्या बायका आल्या शेंदूर घेऊन. वहिनींनी त्यांना ताटकळत ठेवलं आणि मग लावून घेतला.

बर्गी पश्चिमेकडे हटले असं सगळे म्हणतात. होड्या आता उलट्या दिशेने भरून जातात. पौष संपला की मी स्वतः वहिनींना आणि हंडीला घेऊन येतो. होडी वल्हवत येतो, पोहत नव्हे.

भैरव



शिमुलडांगा, श्रीपंचमीचा दुसरा दिवस, माघ

भैरव,

काल बोरू-दौत विद्येच्या देवीपुढे होती, लिहायचं नव्हतं. म्हणून आज.

तू आदल्या दिवशी परत फिरलास ते चुकलंच तुझं. एक दिवस थांबला असतास तर दहा महिने कशासाठी बिनमाशाचं घर सांभाळलंस ते डोळ्यांनी बघितलं असतंस.

हंडी देवीपुढे ठेवली. चौदा घरांपैकी पाच घरांची माणसं होती. म्हातारा केनाराम म्हणाला, "निधी, रिवाज..." एवढंच म्हणाला. मातंगिनीने त्याच्याकडे बघितलं. तुला जे सांगितलं तेच ती त्याला सांगणार होती, पण त्यानेच मान खाली घातली. म्हणाला, "सोड बाबा गाठ. रिवाज पाळणारे तरी किती उरलेत?"

डाव्या हाताने आणि दातांनी सोडली. हंडी तिने धरली होती. आत कापडावर अंडी होती, राखी रंगाची, काल ठेवल्यासारखी. मी नाक लावून हुंगलं. माशाचा वास नव्हता रे! माती, कापूर आणि थोडा तुझ्या आढ्याच्या गवताचा. ऊन चढलं आणि कापडावर काळ्या मुंग्यांसारखं काहीतरी हललं. मातंगिनीने पीस घेतलं. मी पान धरलं. म्हटलं, हळू, केस विंचरल्यासारखं कर. करत गेली. तिचा हात चांगला आहे. मी तीस वर्षांत बघितलाच नव्हता.

आता तुतीचं ऐक. आम्ही दरवर्षी तुती जमिनीलगत छाटतो, मग ती फुटते. घोड्यांनी बुडख्यापर्यंत खाल्ली, तीही एक छाटणीच झाली. गवताखाली जी खोडं जिवंत राहिली ती फुटली आहेत, कोवळी, हातभर. तीनातलं एक जगलं. पानं मोजली तर पाच घरांच्या किड्यांना पुरतील एवढीच आहेत. आणि घरंही पाचच आहेत. यावर हसावं की रडावं, सांग.

हारूचं घर अजून काळं उभं आहे. त्याची बायको-मुलं परतलेली नाहीत. त्याच्या वाटणीचं बीज मी वेगळ्या पाटीवर चढवलं आहे. मला ठाऊक आहे तो येणार नाही. पण पाटी आहे.

निधी



शिमुलडांगा, १८ चैत्र

भैरव,

राई वैष्णवी आमच्यापुढे चार कोस चालते, तिच्या हाती देतो. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

पुन्हा धूळ उठली आहे. या खेपेला दोन वाटांनी येतात म्हणे. आज कालच्यापेक्षा जवळ दिसली.

कोश चांगले झाले. पतंग निघाले, कापडावर अंडी घालून गेले. नवं बीज हंडीत भरलं, पाच घरांचं आणि हारूचं. हंडीच्या तोंडाला बांधायला फडकं शोधत होतो. ती मुंडाशाची पट्टी घेतली. मातंगिनीने राखेत तीनदा धुतली होती, डाग थोडा राहिला आहे. ती म्हणाली, "हीच का?" मी म्हटलं, घट्ट बसते. बांधण्यातच ती पट्टी चांगली आहे. शिंक्यात टांगशील तेव्हा सोडू नकोस, श्रीपंचमीला मीच सोडेन.

छोटे किडे पाट्यांवर आहेत. चौथी झोप. उद्या संध्याकाळपर्यंत उठतील आणि पान मागतील. मी पाट्यांसमोर उभा राहिलो थोडा वेळ. मातंगिनी दारात हंडी घेऊन उभी होती. मागच्या वैशाखातही ती अशीच उभी होती. मी पाट्यांवर तुतीच्या फांद्या पसरल्या, जेवढ्या होत्या तेवढ्या, आणि दार ओढून घेतलं.

मी येतोय, भैरव. या खेपेला हंडीबरोबर मीही येतोय.

परवा दुपारी तुझ्या घाटावर असू. सुखदा वहिनींना सांग, रागावू नका. चूल होडीत न्या, घर धुऊन घ्या, आणि तव्यावर मासा असेल तर आत्ताच उतरवा.

निधी